नेमबाजीचें मान आणि गाविलगडची शिबंदी

वऱ्हाडांतील जुन्या घराण्यांचीं दफ्तरें पाहतांना एक गोष्ट आमच्या वारंवार अनुभवास आली. सनदा, वतनपत्रें, महजर, थोरामोठ्यांच्या मोर्तबाचीं पत्रें हीं घरवाले रुमालांत नीट बांधून ठेवतात. आणि दारू, शिसें, तोडा, चकमकीच्या गारा ह्यांच्या खर्चाच्या फर्दा मात्र उंदरांस अथवा वाण्याच्या पुड्यांस जातात. आम्हां संग्राहकांची दृष्टि ह्याहून फारशी निराळी आहे असें नाहीं. मोडी वळण सुरेख असलें, शिक्का स्पष्ट असला, कीं कागदाची किंमत वाढते. “शिसें पक्कें अमुक शेर” एवढ्याच मजकुराच्या चिटोऱ्यास कोणी हात लावीत नाहीं. परंतु एका प्रश्नाचा निकाल ह्याच चिटोऱ्यांनीं लागावयाचा आहे, आणि त्या प्रश्नावर आमच्या प्रांतांतील एका शिबंदीची अब्रू अवलंबून आहे. तो प्रश्न असा: बंदूकधारी शिपाई, तोही निवडक पलटणींतला, प्रत्यक्ष लढाईंत किती वारांवरून आणि किती बारांत एक माणूस टिपूं शकत असे?

ह्या प्रश्नाकडे आम्ही वळलों तें गाविलगडामुळें. तारीख १५ डिसेंबर १८०३ रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास इंग्रजांनीं गडावर हल्ला चढविला आणि थोड्याच वेळांत गड त्यांच्या हातीं गेला. मोर्चेबंदी व हल्ला मिळून त्यांच्याकडील मृत व जखमी सुमारें सव्वाशें. एवढा बळकट गड, आंत नव्या बंदुकांनीं सज्ज असलेली शिबंदी, आणि शत्रूची हानि इतकीच! ह्या एका आंकड्यावरून गडकऱ्यांनीं लढाई केलीच नाहीं, आंतून फितुरी झाली, निदान शिपाई नेमांत अगदींच कच्चे होते, अशीं अनुमानें आम्हीं चिखलदऱ्यास व अचलपुरास चांगल्या जाणत्या माणसांच्या तोंडून ऐकलीं आहेत. बखरकारांच्या भाषेची संवय झालेल्या कानांस हें साहजिक वाटतें. ज्यांच्या लेखणींत गोळीगणिक गडी पडतो, त्यांच्या वाचकास सव्वाशेंचा आंकडा लाजिरवाणा वाटल्यास नवल नाहीं. पण गोळीगणिक गडी कोठेंच पडत नव्हता. वऱ्हाडांत नाहीं आणि विलायतेंतही नाहीं.

प्रथम हत्यार पाहूं. कंपनीच्या पलटणींत त्या काळीं जी चकमकीची बंदूक चाले तिच्या नळीचा व्यास पाऊण इंच, आणि गोळी त्याहून सुमारें सहा शतांश इंचानें लहान. ही फट मुद्दाम ठेवलेली असे. कारण दहापांच बार झाले कीं नळींत दारूची मळी बसते, आणि गोळी घट्ट असेल तर ती गजानें उतरत नाहीं. तिचा परिणाम असा कीं गोळी सुटतांना नळीच्या कडांवर आपटत आपटत बाहेर पडे आणि शेवटची आपट ज्या बाजूस बसे तिच्या उलट दिशेस जाई. नळीवर मागची माशी नव्हती. पुढें संगीन अडकविण्याचा जो खुंट असे त्यावरूनच डोळा लावावयाचा. दर सहासात बारांत एक बार रंजक पेटूनही आंत न भिनतां फुकट जाई. कसलेला शिपाई मिनिटास तीन बार करी, आणि पहिल्या दोनतीन फैरींनंतर धुरामुळें समोरचें कांहींएक दिसत नसे.

आपल्याकडील तोड्याची बंदूक ह्याहून अगदींच हीन होती असा समज आहे, तो चुकीचा आहे. ती भरण्यास वेळ लागे हें खरें. पण तिची नळी लांब, गोळी नळीस अधिक चपखल, आणि मारणारा बहुधा टेका देऊन, जपून मारणारा. इ. स. १८३९ ते १८४२ च्या अफगाण युद्धांत लांब नळीच्या जेजालांनीं डोंगरावरून इंग्रजी बंदुकीच्या पल्ल्याबाहेरून मारा केल्याचें सर्वश्रुत आहे. तेव्हां हत्यारापेक्षां तें कोठून, किती उसंतीनें व कोणत्या लक्ष्यावर चालविलें हाच प्रश्न मुख्य ठरतो.

आतां परीक्षांचे आंकडे. प्रशियाच्या सैन्यांत शंभर फूट लांब व सहा फूट उंच असा पडदा उभारून त्यावर एका पलटणीकडून बार करविले. एवढा पडदा म्हणजे उभी राहिलेली शत्रूची रांगच. तरी ७५ वारांवर शेंकडा ६०, १५० वारांवर ४० आणि २२५ वारांवर २५ गोळ्या लागल्या. विल्यम म्यूलर ह्यानें १८११ सालीं आपल्या युद्धशास्त्रावरील ग्रंथांत दिलेले आंकडे आमच्या विषयास अधिक उपयोगी आहेत. कारण त्यांत कसलेले शिपाई व साधारण शिपाई असा भेद केलेला आहे. घोडदळाच्या रांगेएवढ्या लक्ष्यावर शंभर वारांवरून कसलेल्यांच्या शेंकडा ५३ गोळ्या लागल्या, साधारणांच्या ४०. दोनशें वारांवरून ३० व १८. तीनशें वारांवरून २३ व १५. म्हणजे निवडीचा व कसरतीचा फायदा आहे, आणि दोनशें वारांवर तो शंभरापेक्षां ठळक दिसतो. पण उत्तमांतला उत्तम शिपाईही तीनशें वारांवरून संबंध रांगेवर मारलेल्या चार गोळ्यांपैकीं तीन वायां घालवितो. एकट्या माणसावर नेम धरणें ही गोष्टच वेगळी. कर्नल जॉर्ज हँगर हा अमेरिकेंतील युद्धांत लढलेला व स्वतः नामांकित नेमबाज. त्याचें १८१४ सालचें मत असें कीं ८० वारांवर, फार तर शंभरावर, शिपायाची बंदूक माणसास लागूं शकते. दीडशेंवर ज्यास लागली त्याचें दैव खोटें. आणि दोनशें वारांवरून माणसावर नेम धरणें व चंद्रावर धरणें सारखेंच. आमच्या छावण्यांत नेमाच्या मैदानास चांदमारी म्हणत. त्या नांवाचा हा अर्थ कर्नलसाहेबांस ठाऊक असता तर त्यांनीं तो खासच वापरला असता.

ह्या परीक्षा निवांत मैदानांत झालेल्या. समोरून गोळी येत नाहीं, धूर वारा घेऊन जातो, मागून कोणी ढकलीत नाहीं. रणांगणावर हे मान कोठवर घसरतें त्याचा एक हिशेब प्रसिद्ध आहे, आणि तो योगायोगानें गाविलगड घेणाऱ्या सेनापतीच्याच फौजेचा आहे. आर्थर वेलस्ली पुढें स्पेनांत सेनापति असतां २१ जून १८१३ रोजीं व्हितोरियाची लढाई झाली. तींत त्याच्या फौजेनें उडविलेल्या काडतुसांस शत्रूच्या मृत व जखमींच्या संख्येनें भागलें असतां सुमारें ४५९ गोळ्यांस एक माणूस पडतो. आणि तोफांनीं पडलेले त्यांतून वजा केले तर हें मान आणखी उतरतें. ही फौज त्या काळीं युरोपांतील उत्तम गणली जात असे. इंग्रजी पायदळांतील साधारण शिपायास सरावासाठीं वर्षास ३० गोळ्या मिळत, हलक्या कंपन्यांस ५०, आणि खास रायफलवाल्यांस ६०. आमच्या वाचकांपैकीं शिकारीचा नाद असलेले गृहस्थ एका हंगामांत ह्याहून अधिक बार खर्चीत असतील.

मग निवडक पलटणीची निवड कशांत होती? हें समजण्यास वऱ्हाडांतच एक उत्तम उदाहरण आहे. तारीख २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं सध्यांच्या अकोला जिल्ह्यांतील तेल्हारा तालुक्यांत, अडगांव व सिरसोली ह्यांच्या मैदानावर, भोंसल्यांचे बंधु मनूबापू व शिंद्यांचें घोडदळ ह्यांची वेलस्लीशीं गांठ पडली. इंग्रजी कागदांत हेंच आरगांव. इंग्रजी सैन्याचें तोंड एका गांवाच्या आडून मैदानांत येतांच सुमारें हजार वारांवरून मराठी तोफा सुरू झाल्या; आणि तीन देशी पलटणी मोडून मागें पळाल्या. ह्या पलटणी नवशिक्या नव्हत्या. दोनच महिन्यांपूर्वीं, २३ सप्टेंबरास, असईच्या मैदानांत ह्याहून कितीतरी भयंकर तोफखान्यापुढें त्या खंबीर उभ्या राहिल्या होत्या. वेलस्ली त्या वेळीं जवळच होता म्हणून त्यानें त्यांस स्वतः जमवून पुन्हा रांगेंत आणलें, आणि बाकीची फौज येईतों सर्वांस जमिनीवर निजविलें. मागाहून लिहिलेल्या पत्रांत ह्या प्रकाराविषयीं त्यानें उघड आश्चर्य व्यक्त केलें आहे. तो जवळ नसता तर दिवस वेगळा उगवला असता.

त्याच दिवशीं ७४ व्या व ७८ व्या गोऱ्या पलटणींवर अरबांच्या जमावानें मोठ्या निकरानें हल्ला केला आणि तो कापला गेला. पण तें काम दुरून नेम धरून झालेलें नव्हे, अगदीं अंगावर येऊं देऊन केलेलें आहे. ह्यावरून आमचें मत असें बनलें आहे कीं त्या काळच्या निवडक पलटणीचा गुण म्हणजे नेम नव्हे, तर गोळी राखून ठेवण्याची छाती. दोनशें वारांवर बार उडविणारा घाबरट, आणि पन्नासांवर येईपर्यंत थांबणारा कसलेला. दोघांची नजर सारखीच असूं शकेल. आणि ही छातीही कायमची ठेव नव्हे, हें त्या तीन पलटणींनीं दाखवून दिलें. उलट असईस ७४ वी पलटण चुकीनें गांवाच्या माऱ्यांत शिरली तेव्हां तिचीं चारशेंच्या आसपास माणसें पडलीं. तेथें तिचा नेम, तिची कवाईत, तिचा लौकिक ह्यांपैकीं कशाचाच उपयोग झाला नाहीं. तोफेच्या छऱ्यांस निवडक व सामान्य हा भेद कळत नाहीं. आरगांवास इंग्रजांचे मृत व जखमी मिळून सुमारें साडेतीनशें झाले आणि ३८ तोफा त्यांच्या हातीं लागल्या, एवढें सांगून आम्ही गडाकडे वळतों.

आरगांवाहून निसटलेलें बेनीसिंगाचें कवाइती पायदळ गाविलगडावर गेलें. गडावर राजपूत शिबंदी होतीच. वेलस्लीनें गड घेतल्या दिवशींच्या आपल्या खलित्यांत, ह्या सर्वांजवळ कंपनीच्या नव्या बंदुका व संगिनी होत्या असें स्पष्ट नमूद केलें आहे. ह्याच वाक्यामुळें पुढचा सर्व घोटाळा झाला. नवी बंदूक हातीं असली म्हणजे नेम आलाच, असें वाचणारा गृहीत धरतो.

गडाची रचना ज्यांनीं पाहिली आहे त्यांस ठाऊक आहे कीं दक्षिणेकडील कडा दुर्लंघ्य, तिकडून दरवाजापर्यंतची वाट लांब व उभ्या चढणीची. गडाचें दुखरें अंग उत्तरेकडे, लबाड्याच्या बाजूस. म्हणून कर्नल स्टीव्हन्सन ७ डिसेंबरास एलिचपुराहून निघाला आणि सुमारें तीस मैलांचा डोंगर तोडीत, शिपायांच्या खांद्यांनीं तोफा ओढवीत १२ तारखेस लबाड्यास पोंचला. त्याच रात्रीं दोन मोर्चे उभे राहिले. एकांत अठरा पौंडी गोळ्याच्या दोन व बारा पौंडीच्या तीन लोखंडी तोफा, तट फोडण्यासाठीं. दुसऱ्यांत बारा पौंडीच्या दोन पितळी तोफा व दोन हॉविट्झर, तटावरील माणूस उभा राहूं न देण्यासाठीं. ह्या दुसऱ्या मोर्च्याकडे इतिहासलेखकांनीं फारसें लक्ष दिलेलें नाहीं. आमच्या मतें सव्वाशेंच्या आंकड्याचें अर्धें रहस्य तेथें आहे. १३ तारखेच्या सकाळपासून १४ च्या रात्रीपर्यंत हा मारा चालला आणि तटास वाट पडली. हल्ला चढला तेव्हां वाटेच्या दोहों अंगांस तटावर किती जणांस बंदूक घेऊन उभें राहतां आलें असेल ह्याचा वाचकांनींच विचार करावा. शिवाय तटावरून पायथ्याशीं आलेल्या माणसावर मारावयाचें म्हणजे अर्धें अंग बाहेर काढावें लागतें, आणि नळी खालीं झुकवितां क्षणीं, कागदाची भर गच्च नसेल तर ती सैल गोळी घरंगळून पुढें येते. तटावरून खालीं मारणें सोपें, ही कल्पना ज्यांनीं तट पाहिले पण बंदूक पाहिली नाहीं त्यांची आहे.

आतां हिशेब करूं. व्हितोरियाचें मान गाविलगडच्या शिबंदीस लावलें, म्हणजे युरोपांतील उत्तम फौजेइतकीच ती कुशल होती असें धरलें, तर सव्वाशें माणसें पाडण्यास सुमारें सत्तावन हजार गोळ्या लागतात. एक हजार बंदूकवाले मिनिटास तीन बार करीत राहिले तरी त्यांस एकोणीस मिनिटें अखंड मारा करावा लागेल. तोही एका अरुंद वाटेवर, जेथें हजार सोडाच, शंभरांसही एका वेळीं जागा नाहीं. वाटेवरील गर्दीमुळें व अंतर थोडें असल्यामुळें गोळी अधिक वेळां लागली असेल हें आम्हांस मान्य आहे. म्हणून हें मान चौपट चांगलें धरा. तरीही चौदा हजारांवर गोळ्या होतात. अर्थात् सव्वाशेंपैकीं कांहीं तोफांनीं व इतर प्रकारेंही पडले असणार, आणि तितक्या प्रमाणांत गोळ्यांची संख्या उतरेल. पण कसाही हिशेब करा, ज्या शिबंदीनें लढाई केलीच नाहीं तिच्या हातून हा आंकडा निघत नाहीं.

आणखी एक गोष्ट. हल्लेखोर बाहेरच्या किल्ल्यांत शिरले तरी आंतला किल्ला खोल दरीपलीकडे राहिला. तेथील दरवाजाकडे जाणारी वाट अरुंद व वांकडी. ती शोधण्यांत इंग्रजांचा वेळ गेला. शेवटीं ९४ व्या पलटणीच्या हलक्या कंपनीचा कॅप्टन कँबेल ह्यानें दरवाजाचा नाद सोडून तटास शिड्या लावल्या, आंत उतरून दरवाजा उघडला, आणि गड पडला. हल्ल्याचा नायक लेफ्टनंट कर्नल केनी जखमी झाला. म्हणजे जेथें बंदुकीनें रोखावयाचें तेथें शत्रु अडला होता. जेथें तो चढला तेथें बंदुकीचा प्रश्नच नव्हता. बेनीसिंग व किल्लेदार दोघेही पडले, आणि दरवाज्यांपाशीं प्रेतांचे ढीग झाले हें वेलस्ली स्वतः लिहितो. फितूर झालेला किल्लेदार प्रेतांच्या राशींत सांपडत नाहीं. दोनच दिवसांनीं, १७ डिसेंबरास, देवगांवचा तह झाला.

ह्यावर आक्षेप येईल तो नागपूरचा. सीताबर्डीच्या लढाईनंतर २४ डिसेंबर १८१७ रोजीं अरबांनीं नागपूर शहरावरील इंग्रजांचा हल्ला तोड्याच्या बंदुकांनीं परतविला. मग नव्या बंदुका असून गाविलगडास तें कां साधलें नाहीं? उत्तर वर आलेंच आहे. नागपुरास अरब घरांच्या आड, भिंतींच्या फटींतून, टेका देऊन, थोड्या वारांवरून मारीत होते. तटावर उघडे उभे नव्हते. त्यांस साऱ्या शहराची आड मिळाली, बेनीसिंगाच्या लोकांस पडका तट मिळाला. तरीसुद्धां त्याच महिन्याच्या अखेरीस अरबांस अटींवर शहर सोडावें लागलें.

नेमाचें खरें मान बदललें तें पुढें, आणि त्याचाही वऱ्हाडाशीं संबंध आहे. इ. स. १८५३ च्या तहानें निजामाच्या कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठीं वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिला गेला. पांच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ व चार तोफखाने ह्यांचा भार आमच्या काळ्या जमिनीनें सोसला. त्याच साली विलायतेंत हाइथ येथें नेमबाजीची शाळा निघाली आणि आटे पाडलेल्या नळीची एनफील्ड बंदूक आली. तिच्यावर नऊशें वारांपर्यंतच्या पल्ल्याची माशी होती. शाळेबरोबर नवी पद्धतही आली: प्रत्येक शिपायाचे गुण कागदावर मांडण्याची. परतवाड्यास ज्या कंटिंजंटची छावणी होती, तिच्या एका पायदळ पलटणीची परंपरा सलाबतखानाच्या १७८८ सालच्या एलिचपूर ब्रिगेडपर्यंत नेण्यांत येते. इ. स. १९०३ मध्यें कंटिंजंट हिंदी सैन्यांत विलीन झाली तेव्हां हीच ९८ वी पलटण झाली, आणि आतां ती कुमाऊं रेजिमेंटची चौथी पलटण आहे. तिच्याच भावंडांपैकीं एकीचें नांव ९६ वी बेरार पायदळ असें होतें. पहिल्या महायुद्धापूर्वीं इंग्रजी शिपायाकडून तीनशें वारांवर एका मिनिटांत पंधरा गोळ्या नेमक्या लावण्याची अपेक्षा केली जाई. हँगरनें ज्या अंतराचा विचारही केला नसता त्या अंतरावर. आजच्या निवडक तुकड्या बंदुकीचा नेम कोनाच्या मिनिटांनीं मोजतात: शंभर वारांवर एक मिनिट म्हणजे एक इंचाहून किंचित् अधिक. पण हें मान टेकावर बसविलेल्या बंदुकीचें. धांवून आलेल्या, धापा टाकणाऱ्या माणसाचें मान आजही त्याच्या कितीतरी पट सैल असतें, हें त्या तुकड्यांतले लोकच प्रथम कबूल करतात.

नरनाळ्यावरील नौगजी तोफ पाहून येणारा जो तो तिचा गोळा किती कोस जात असे हें आम्हांस विचारतो. तो कशास लागत असे हें अद्याप कोणीं विचारलेलें नाहीं. ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर शिलेखान्याच्या व कोठीच्या फर्दांत असतें. पथकास दिलेल्या गोळ्या, परत जमा झालेल्या गोळ्या, फुटलेल्या नळ्या, बदललेल्या गारा, आणि त्याच तारखेच्या हजेरींत “कामास आले” असे लिहिलेले असामी: हे पांच रकाने एका रुमालांत सांपडले कीं सत्तावन हजारांचा आमचा अंदाज तपासून पाहतां येईल. गाविलगड व नरनाळा ह्यांच्या शिबंदीशीं संबंध असलेल्या घराण्यांचीं दफ्तरें ज्या सभासदांच्या हातीं येतील, त्यांनीं शिसें व दारूच्या हिशेबाचे बंद वेगळे काढून त्यांच्या तारखा तेवढ्या आम्हांकडे कळवाव्या. शिक्के नसले तरी चालतील.